गधैया नाणे : ओळख आणि आपली जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त धावडा येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



संस्थेच्या ५० वर्षांच्या वाटचालीनिमित्त जुन्या वस्तूंचे छोटेसे प्रदर्शन भरवावे असे ठरले, तेव्हा आपल्यापैकीच एका घरातील आजींनी देवघरातील डबीतून एक नाणे काढून दिले. ते ओबडधोबड, जाडसर, काळपट आहे. एका बाजूस काही ठिपके व रेघा आणि दुसऱ्या बाजूस पुन्हा ठिपके व रेघा. अक्षर एकही नाही. 'हे कालकाचार्यांच्या वेळचे गाढवी नाणे', असे त्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. प्रदर्शनात त्याखाली 'कालकाचार्यकालीन' अशी पाटी लावावी, ही त्यांची इच्छा होती. ती पाटी लावता येईल काय, एवढाच माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या समजुतीचे मूळ आपणांस ठाऊक आहेच. साध्वी सरस्वतीचे हरण करणारा उज्जयिनीचा राजा गर्दभिल्ल, त्याची गर्दभी विद्या आणि शकांच्या साह्याने कालकाचार्यांनी केलेला त्याचा पराभव ही कथा श्वेतांबर परंपरेत सुप्रसिद्ध आहे. संवत्सरी भाद्रपद शुद्ध पंचमीऐवजी चतुर्थीस आणण्याचा प्रसंग तर आपल्या मराठवाड्यातील प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे पैठणला घडला, असे परंपरा सांगते. या नाण्यांना 'गधैया' म्हणतात. गर्दभ आणि गधैया या शब्दांच्या साम्यामुळे लोकांनी कथा नाण्यास जोडली, यात नवल नाही.

परंतु नाण्याची साक्ष निराळी आहे. नाणे परीक्षेस घेताना नाव बाजूस ठेवून वजन, धातू, जाडी आणि चित्र पाहावे लागते. वजन भरले सुमारे ४ ग्रॅम. धातू तांबेमिश्रित हलकी चांदी. नंतर चित्र. नाणे हळूहळू फिरवीत गेल्यास एका कोनात रेघांतून मनुष्याचा मुखवटा उभा राहतो : एक रेघ म्हणजे नाक, एक ठिपका म्हणजे डोळा, मागच्या वक्र रेषा म्हणजे मुकुट. दुसऱ्या बाजूस मधला खांब म्हणजे अग्निवेदी, वरचे ठिपके म्हणजे ज्वाळा आणि दोहोंकडील उभ्या रेघा म्हणजे वेदीचे दोन रक्षक.

हे चित्र मूळचे इराणचे. सासानी सम्राट पेरोझ (इ. स. ४५९–४८४) हूणांशी लढताना मारला गेला. खंडणीच्या रूपाने त्याची चांदीची नाणी हूणांकडे मोठ्या प्रमाणात गेली आणि हूणांनी त्यांच्या नकला पाडल्या. त्या नकला पश्चिम भारतात रुजल्या. हूणराजा तोरमाण आपल्या वाङ्मयासही अपरिचित नाही. उद्योतनसूरींनी शके ७०० मध्ये जाबालिपुरात (आजच्या राजस्थानातील जालोर येथे) पूर्ण केलेल्या 'कुवलयमाला' ग्रंथात त्याचा आणि त्याचे गुरू आचार्य हरिगुप्त यांचा उल्लेख आहे.

पुढे नकलेची नकल होत गेली. साचा कोरणाऱ्यास मूळ चित्राचा अर्थ उरला नाही, मुखाच्या रेघा झाल्या, वेदीचे ठिपके झाले. पसरट, पातळ नाणे लहान व जाड होत गेले, चांदीचा अंश घटत गेला. तरी व्यापाऱ्यांनी ते चित्र सोडले नाही, कारण ओळखीच्या नाण्यावर बाजाराचा विश्वास असतो. गुजरात, राजस्थान, माळवा आणि महाराष्ट्र या प्रदेशांत ही नाणी शतकानुशतके चालली. त्यांवर बहुधा लेख नसल्याने राजाचे नाव सांगता येत नाही. उत्तर कोकणच्या शिलाहार छित्तराजाचे नाव असलेली नाणी हा दुर्मीळ अपवाद. आजींचे नाणे जाड व हलक्या चांदीचे, म्हणजे या परंपरेच्या उत्तरकाळातील, साधारण इ. स. ११ व्या–१२ व्या शतकातील ठरते. परंपरेने कालकाचार्यांची ही घटना विक्रम संवताच्या पूर्वी, म्हणजे इसवी सनापूर्वी मानली आहे. जे चित्र मुळात इसवी सनाच्या ५ व्या शतकातले, ते त्या काळी असणे शक्य नाही. म्हणून ती पाटी लावता येणार नाही.

मग आपला आणि या नाण्याचा संबंध तुटला काय ? मुळीच नाही. अशा चांदीच्या नाण्यास त्या काळी 'द्रम्म' म्हणत आणि आपण आजही 'दाम' म्हणतो. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील पाटण येथे ज्यांच्या वंशाचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त १६ पणांचा एक द्रम्म हे कोष्टक दिले. नाशिकजवळच्या अंजनेरी येथील शके १०६३ च्या शिलालेखात यादव राजा सेउणचंद्राने चंद्रप्रभ जिनालयास दुकाने दान दिल्याची नोंद आहे. धर्म आणि बाजारपेठ असे हातात हात घालून चालत होते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे नाणेपरीक्षेवरील आपल्या देशातील अपूर्व ग्रंथ 'द्रव्यपरीक्षा' हा ठक्कुर फेरू या जैन श्रावकाने इ. स. १३१८ मध्ये लिहिला. ते दिल्लीच्या टांकसाळीत अधिकारी होते. कुमारपुरी, भीमपुरी, वीसलपुरी अशी नाण्यांची नावे, वजने व धातूचे प्रमाण त्यांनी गाथांत नोंदविले. हा ग्रंथ टिकला तो जैन ग्रंथभांडारातील हस्तलिखितामुळे. आपला खरा वारसा हा : नाणे पारखून घ्यावे आणि दिसले तेच लिहावे.

जाता जाता एक विनंती. जुने नाणे चिंचेने वा राखेने घासू नका, सराफाकडे आटवू नका. घासल्याने रेघा पुसतात आणि आटविल्याने इतिहासच नाहीसा होतो. नांगरताना किंवा पाया खणताना पुरलेले द्रव्य सापडल्यास, १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आपला तालुका भोकरदनचा, म्हणजे प्राचीन भोगवर्धनाचा. तेथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. अशा भूमीत मिळालेला लहानसा तुकडाही बोलका असतो.

हे सर्व मी आजींना सांगितले, तेव्हा मनात संकोच होता. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग जे खरं आहे तेच लिहा. देवाच्या दारात खोटी पाटी कशाला ?" प्रदर्शनात आज आपण वाचाल : 'गधैया द्रम्म, मिश्र चांदी, सुमारे ११ वे–१२ वे शतक, राजा अज्ञात.' सम्यक् ज्ञानाची याहून सोपी व्याख्या मला सांगता येणार नाही.

माझ्या बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र !