पत्र्याच्या खोलीचा विचार कोण करतं?



मी सॉफ्टवेअरवाला, पण आज बोलणार आहे पत्र्यावर. माझं बालपण मालेगावात पत्र्याच्या खोलीत गेलं. मे महिन्यात दुपार झाली की अम्मी आम्हाला घेऊन शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसायची. घरात पंखा होता, पण तो गरम हवाच फिरवायचा.

घरं कमी तापावीत, वीज कमी लागावी, म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली इको निवास संहिता आणली. छतातून, भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे. पण ती आणली तेव्हा ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी होती. आपल्या गल्लीतली खोली त्यात बसतच नाही.

या खोलीचा विचार केला तो छोट्या उत्पादकांनी. अहमदाबादच्या हसित गणात्रांनी पॅकेजिंगच्या आणि शेतीच्या कचऱ्यापासून छपराचे जलरोधक तक्ते बनवले. नाव मॉडरूफ. पातळ पत्रा तापला की बरीच उष्णता खाली फेकतो, जाड तंतुमय तक्ता ती बऱ्यापैकी अडवतो.

पण माल चांगला म्हणून विकला जातो असं नाही. पत्र्यापेक्षा महाग छप्पर रोजंदारीवरच्या बाईने घ्यायचं कसं? तिथे महिला हाउसिंग ट्रस्ट उपयोगी पडली. वस्तीतल्या बायकांना संघटित करणाऱ्या या संस्थेने अशी छपरं आणि ऊन परतवणारा पांढरा रंग त्यांच्यापर्यंत नेला. नवा माल जितका महत्त्वाचा, तितकाच हप्ता आणि विश्वासही.

आता आपल्याकडे बघा. मिस्त्री, पत्रेवाले, रंगवाले, भंगारवाले आपल्याच घरांत आहेत. कुणी पत्र्याखाली थर्माकोल लावतो, कुणी वरून चुना मारतो. डोकं आहे, पुरावा नाही. त्यामुळे गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही आणि बँक दारात उभं करत नाही.

हे काम शिकलेल्या मुलामुलींचं आहे. शेजारच्या दोन सारख्या खोल्या निवडा. एकीच्या पत्र्याला पांढरा रंग द्या, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींत साधा तापमापक टांगा. महिनाभर दुपारी तीनला आकडे वहीत लिहा. पावसाळ्यानंतर रंग किती टिकला तेही नोंदवा. फरक पडला नाही तर तेही लपवू नका. मग ती वही चाचांच्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवा.

अम्मीला दुपारी शेजारी जावं लागू नये, एवढाच माझा हिशेब आहे.