जे सर्वांत उशिरा बदलते, त्याचे नाव

अध्यक्षीय भाषणात वर्षभरातल्या नव्या तंत्रांचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असते. ती बाजूला ठेवून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. वेबपानाच्या स्टाइलशीटमधल्या क्लासला नाव देताना काय पाहावे? प्रश्न बारीक वाटेल, पण त्याचे उत्तर रोज प्रत्येकाला द्यावे लागते आणि बहुतेक वेळा ते विचार न करताच दिले जाते. ब्राउझरला त्या नावाचा अर्थ कळत नाही. मजकुराच्या एचटीएमएलमधली अक्षरे आणि स्टाइलशीटच्या सीएसएसमधली अक्षरे जुळली की त्याचे काम झाले. म्हणजे नावातला अर्थ सर्वस्वी माणसांसाठी असतो. उद्या त्या कोडला हात लावणारा माणूस बहुधा आज इथे नसतो, आणि त्याला विचारायला आपण तिथे नसतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की एखाद्या गोष्टीबद्दल जे सर्वांत उशिरा बदलणार आहे, ते तिच्या नावात असावे. रंग, जागा, आकार लवकर बदलतात. त्या गोष्टीचे पानावरचे काम क्वचित बदलते.

होकॉन व्युम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. मजकूर एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे ठेवणे, हा त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता. तो साधला जाऊ शकतो हे डेव्ह शे यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ या संकेतस्थळाने २००३ मध्ये दाखवून दिले. तिथे एचटीएमएल एकच होते. जगभरातल्या डिझायनरांनी त्याला हात न लावता, केवळ स्टाइलशीट बदलून, एकमेकांशी काडीचे साम्य नसलेली पाने घडवली. त्या पानातली नावे प्रास्ताविक, सारांश, सहभाग अशा अर्थाची होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे ‘डावीकडची निळी चौकट’ असे नाव असते तर पहिल्याच डिझायनरने ती चौकट उजवीकडे नेऊन हिरवी केली असती आणि पुढच्या प्रत्येक वाचकाला ते नाव चकवत राहिले असते. एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथातही हाच सल्ला आहे: क्लासच्या नावाने मजकुराचे स्वरूप सांगावे, हवे असलेले रूप नव्हे.

सल्ला न पाळल्याची किंमत पाहायची तर बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस-संग्रहाचा इतिहास पाहावा, कारण तिथे ती सगळ्यांसमोर चुकती झाली. तिसऱ्या आवृत्तीत एखादी गोष्ट डावीकडे सारण्यासाठी ‘पुल-लेफ्ट’ हा क्लास होता. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत तो ‘फ्लोट-लेफ्ट’ झाला आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत ‘फ्लोट-स्टार्ट’. ‘टेक्स्ट-लेफ्ट’चे ‘टेक्स्ट-स्टार्ट’ झाले. डाव्या-उजव्या समासाच्या क्लासांतली डावे-उजवे सांगणारी अक्षरेही गेली आणि आरंभ-अंत सांगणारी आली. यामागचे कारण ठोस होते. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी पान उलटे मांडावे लागते, आणि तसे मांडले की ‘लेफ्ट’ नावाचा क्लास मजकूर उजवीकडे नेऊ लागतो. हे कुठल्या दूरदेशीचे संकट नाही. मुंबईत उर्दू दैनिके निघतात, आणि मराठी व उर्दू अशा दोन्ही भाषांत एकच संकेतस्थळ चालवायचे ठरले तर पहिल्याच दिवशी हा प्रश्न समोर येतो. ओळ डावीकडून सुरू होते हा आपल्या लिपीचा संकेत आहे. ओळीला आरंभ असतो हे मात्र सर्व लिप्यांत खरे आहे. बूटस्ट्रॅपने अखेर जे टिकते त्याचे नाव घेतले, पण तोवर असंख्य पानांत जुने नाव जाऊन बसले होते. नवी आवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकाला ते शोधून शोधून बदलावे लागले.

यावर पहिला आक्षेप युटिलिटी क्लास वापरणाऱ्यांचा आहे, आणि तो वजनदार आहे. २०१७ मध्ये आलेल्या टेलविंडसारख्या पद्धतीत प्रत्येक क्लास एकच छोटे काम करतो: इतका समास, अमुक रंग, मजकूर मधोमध. इथे नाव उघडउघड रूपाचे आहे, तरी त्यावर मोठी कामे चालतात. फेसबुकने २०२० मध्ये आपले संकेतस्थळ नव्याने बांधताना याच जातीच्या सुट्या, एकेक गुणाच्या क्लासांचा मार्ग धरला आणि मुख्य पानाचे सीएसएस ८० टक्क्यांनी कमी केले. मग माझा नियम मोडला का? मला तसे वाटत नाही. ‘मजकूर मधोमध’ या क्लासचा अर्थ कधीच बदलत नाही. मजकूर मधोमध नको झाला, तर क्लास तसाच राहतो आणि एचटीएमएलमधून तो काढला जातो. नाव खोटे पडते ते ‘लाल बटण’ असा क्लास करून पुढे त्याचा रंग निळा केल्यावर. युटिलिटी पद्धतीत तो क्लास लालच राहतो, म्हणून तिचे नाव प्रामाणिक राहते. आणि दिशेच्या बाबतीत तिलाही तेच शिकावे लागले. टेलविंडने २०२३ मध्ये डाव्या-उजव्या समासांच्या जोडीला आरंभ-अंताचे समास आणले. शिवाय त्या पद्धतीत कामाच्या नावाची गरज संपत नाही, ती कंपोनंटकडे, म्हणजे अशा क्लासांतून बनलेल्या घटकाकडे, सरकते. वीस युटिलिटी क्लासांच्या जुडग्याला ‘लेखसूची’ म्हणायचे की ‘कार्ड’, हे कुणीतरी ठरवावेच लागते.

दुसरा आक्षेप वेब-अभियंते निकोलस गॅलहर यांनी २०१२ मध्ये नेमकेपणाने मांडला होता. क्लासचे नाव मजकुराच्या विषयावरून द्यावे, या आग्रहाने पुनर्वापर अडतो. ‘बातमी’ नावाची मांडणी पाककृतीलाही उपयोगी पडते, मग पाककृतीला बातमी म्हणायचे का? इथे मी त्यांच्या बाजूने आहे. विषय मजकुराबरोबर बदलतो, तोही टिकाऊ नाही. टिकते ते पानावरचे काम: चित्र एका बाजूला आणि मजकूर शेजारी असलेला घटक, यादी, इशारा, मुख्य कृतीचे बटण. ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळाच्या रचनापद्धतीत प्रत्येक नावाच्या आधी संस्थेची खूण असते आणि धोक्याच्या कृतीच्या बटणाला ‘वॉर्निंग’ हा फेरक (मॉडिफायर) जोडलेला असतो. आज ते बटण लाल आहे. उद्या तो रंग बदलला तरी नाव खरे राहील. ही लेखनपद्धती यांडेक्स या रशियन कंपनीत जन्मलेल्या बीईएमची आहे: आधी ब्लॉक, मग त्यातला घटक, मग फेरक. बीईएमचे मोल मी मानतो, पण त्याच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवली जाते. नावे जोडायची कशी हे ते सांगते, निवडायची कशी हे सांगत नाही. बीईएमच्या नियमात बसवलेले ‘लाल बटण’ हे लाल बटणच असते.

तिसरे म्हणणे असे, की आता अवजारेच नावे घडवतात. सीएसएस मॉड्यूल्स मूळ नावाला अनोखी अक्षरे जोडून सारख्या नावांची टक्कर टाळतात. खरे आहे, टक्कर टळते. पण लेखक जे मूळ नाव लिहितो ते त्यालाच सुचावे लागते, आणि सहकारी तेच वाचतो.

आपल्यापुढे आणखी एक प्रश्न आहे: नावे मराठीत, देवनागरीत का नसावीत? सीएसएसची त्याला मुळीच हरकत नाही, रोमनबाहेरची अक्षरे नावात चालतात. भाषेवरच्या प्रेमाने हा मार्ग मोह घालतो, पण त्यातला खड्डा आधी पाहायला हवा. वऱ्हाडी बोलीच्या कोशासाठी ‘वऱ्हाडी’ असा क्लास केला, तर त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. काही कळफलक तिसऱ्याच मार्गाने, अदृश्य जोडचिन्ह वापरून, तोच आकार उमटवतात. डोळ्यांना सगळे सारखे दिसते, पण सीएसएस नावे जुळवताना ही रूपे एक मानत नाही. शैली लागू होत नाही आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे आजच्या घडीला रोमन लिपीच सुरक्षित आहे, असे माझे मत आहे. लिपी रोमन असली म्हणून शब्द इंग्रजी असला पाहिजे असे मात्र नाही. सातबाऱ्याच्या पानावर ‘फेरफार’ला ‘म्यूटेशन’ म्हटले की प्रोग्रामरच्या मनात डेटा बदलण्याची क्रिया उभी राहते, कारण आपल्या व्यवसायात त्या शब्दाचा तोच अर्थ रुळला आहे. ओवीला ‘व्हर्स’ म्हटले की अभंगाला काय म्हणायचे, हा पेच उरतो. जी संकल्पना मराठी व्यवहारातच जन्मली तिचे मराठी नाव रोमन अक्षरांत ठेवावे. अडचण एवढीच, की ‘फेरफार’ रोमनमध्ये तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात, म्हणून एक रूप ठरवून ते लेखी ठेवावे लागते.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढचे काम सुरू करताना पहिली स्टाइलशीट उघडण्याआधी मजकूर सांभाळणाऱ्या माणसांसोबत बसा. वृत्तपत्र असेल तर उपसंपादकासोबत, भूमी अभिलेखाचे काम असेल तर तलाठी कार्यालयातल्या कर्मचाऱ्यासोबत. ते पानावरच्या गोष्टींना काय म्हणतात ते लिहून घ्या, त्यातून नावांची यादी करा, प्रत्येक नावाचे एकच स्पेलिंग ठरवा आणि ती यादी कोडच्या शेजारी ठेवा. कोड तपासताना तर्क तपासता तसे नावही तपासा, आणि रूपावरून दिलेले नाव दिसले की ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.