शेवयांच्या पिठाचा लझानिया



परवा लातूरहून भाचीचा फोन आला. "मावशी, गंजगोलाईचे सोळाही रस्ते पालथे घातले, लझानियाच्या पत्त्या कुठं मिळेनात. नांदेडला मिळतील का गं?" मी म्हटलं, "दुकानं कशाला हिंडतेस? तुझ्या आईनं शेवयांसाठी काढलेलं सपीठ डब्यात असेल बघ. ते घे." तिला वाटलं, मावशी चेष्टा करतेय. पण मी खरंच सांगत होते.

ज्यांनी लझानिया खाल्ला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिठाच्या रुंद पत्त्या, मध्ये टोमॅटोचा दाट रस्सा, दूध-मैद्याचा पांढरा सॉस आणि चीज, असे चार-पाच थर लावून भाजलेला हा इटलीचा पदार्थ. इटालियन भाषेत 'लझान्या' हे मुळात त्या पत्तीचंच नाव. रस्सा थोडा इकडंतिकडं झाला तरी निभावतं, पत्ती फसली की सगळंच फसलं.

पत्तीचं मर्म गव्हात आहे. वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्याच रव्याचा असावा, असा इटलीत १९६७ सालापासून कायदा आहे. ड्युरम म्हणजे आपला बन्सी! टणक, चमकदार, पिवळसर झाक असलेला दाणा. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे 'पंचवटी' आणि 'गोदावरी' हे वाण याच जातीचे. रवा, शेवया, कुरडयांसाठी ते चांगले मानतात. या गव्हाचा चिकटपणा ताणला जाण्यापेक्षा घट्ट धरून ठेवणारा असतो. म्हणून शेवई शिजली तरी गिच्च होत नाही. लझानियाच्या पत्तीकडून आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

पहिल्या खेपेला मी काय केलं, तेही सांगते. नुसता मैदा घेतला आणि पोळीच्या कणकेसारखा सैल भिजवला. उकळत्या पाण्यात पत्त्या टाकल्या, आणि पाच मिनिटांनी पातेल्यात एकच लगदा! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की ही पोळीची कणीक नव्हे, शेवयांचं पीठ आहे.

तर आता प्रमाण. पाव किलो बारीक बन्सी रवा किंवा सपीठ, आणि त्याच्या निम्मं, म्हणजे सव्वाशे मिली कोमट पाणी. चिमूटभर मीठ, चमचाभर तेल. दक्षिण इटलीत असंच रवा-पाण्याचं पीठ भिजवतात. बोलोन्याकडं शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं घेतात, पाणी घालत नाहीत. ज्यांना अंडं चालतं त्यांनी तसं करावं. पीठ पहिल्यांदा कोरडं, भुसभुशीत लागेल. घाबरून पाणी ओतू नका. तळहाताच्या बुडानं दहा मिनिटं रेटून मळा. बोट दाबलं की खळगा हळूहळू भरून यायला हवा. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा. न मुरलेलं पीठ लाटताना पुन्हा आखडतं, हे पुरणपोळी करणारीला सांगायला नको.

आता लाटायचं. लिंबाएवढा गोळा घ्या, वर तांदळाची पिठी भुरभुरा, आणि मधून कडेकडं लाटत जा. पत्तीखाली हात धरला तर बोटांची सावली दिसावी, इतकी पातळ. सुरीनं कडा कापून चौकोन करा. उरलेल्या कडा फेकू नका, संध्याकाळी वरणात सोडा. वरणफळं म्हणा की चकोल्या, आपल्याकडचा पास्ताच तो.

आणखी एक गोष्ट आपल्या हवेची. एप्रिल-मे महिन्यांत बाजेवर टाकलेल्या शेवया बघता बघता खडखडीत वाळतात. शेवयांना ते ऊन-वारं लाभतं, पण पत्तीला तेच तडे पाडतं. म्हणून लाटलेली प्रत्येक पत्ती ओलसर पंचाखाली ठेवा आणि पंखा बंद करा. घामाच्या धारा लागतील, पण पत्ती शाबूत राहील.

मोठ्या पातेल्यात मीठ घातलेलं पाणी खळखळू द्या. एका वेळी दोनच पत्त्या सोडा. एक मिनिट झालं की काढून गार पाण्यात, तिथून पंचावर. पूर्ण शिजवू नका. वरणफळं जशी वरणातच शिजतात आणि वरण पितात, तशीच ही पत्ती थरांतला रस्सा पिऊन शिजते. म्हणून रस्सा थोडा सैलच ठेवा.

काहीजणी वेळ वाचवायला तव्यावर भाजलेली पोळी घालतात. भाजलेल्या पोळीची चव वेगळी, आणि रश्श्यात ती चामट होते. तो प्रकार म्हणजे नटूनथटून आलेली फोडणीची पोळी! चहाबरोबर ती झकास लागते, पण तिला लझानिया म्हणू नये.

घरी ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून त्यावर जाळी ठेवा, थर लावलेलं भांडं त्यावर ठेवून घट्ट झाकण लावा. मंद आचेवर पाऊण तासात लझानिया होतो. उतरवल्यावर मात्र दहा मिनिटं हात लावू नका, तोवर थर बसतात.

भाचीचा लझानिया त्याच रविवारी झाला. पत्त्या जरा जाड लाटल्या गेल्या, पण एकही फुटली नाही. आता उन्हाळ्यात तुमच्या अंगणात शेवयांचं मशीन बाजेला बसेल, तेव्हा पिठातला एक गोळा तेवढा बाजूला काढून ठेवा.