बॅकअप होता, पण परत यायला ३७ तास लागणार होते

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण ज्यांच्या फोनमध्ये फोटो आहेत त्या सगळ्यांसाठी आहे. म्हणजे सगळ्यांसाठीच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा मजकूर.

माझा मावसभाऊ सांगलीत लग्नाचे फोटो काढतो. त्याच्या कामाचा बॅकअप घ्यायला मीच एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. दोन वर्षं रोज रात्री बॅकअप झाला, कधी एरर नाही. मी खूश, दादा खूश.

मग एका मंगळवारी रात्री त्याची हार्ड डिस्क गेली. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत एका लग्नाचे निवडलेले फोटो अल्बम छापणाऱ्याकडे पोहोचायला हवे होते. दादा फोनवर म्हणाला, "अरे, बॅकअप आहे ना? मग टेन्शन कसलं?" मी पण म्हणालो, "काही टेन्शन नाही." रात्री दहाला रिस्टोर सुरू केलं आणि झोपलो.

सकाळी आठला बघतो तर २७ टक्के!

हिशोब करून बघितला तेव्हा घाम फुटला. डेटा ४०० जीबी. प्रोग्रॅम प्रत्येक फाइलचे साधारण १ एमबीचे तुकडे करतो, म्हणजे एकच तुकडा दोनदा साठवावा लागत नाही. तर तुकडे झाले ४ लाख. सर्व्हर अमेरिकेत. एक तुकडा मागायचा, तो येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा मागायचा. दर वेळी पाव सेकंद नुसतं थांबण्यात. ४ लाख गुणिले पाव सेकंद म्हणजे १ लाख सेकंद, जवळजवळ २८ तास. खरं डाउनलोड, १०० एमबीपीएसच्या लाइनवर, फक्त नऊ तासांचं. एकूण ३७ तास, आणि त्यातला बहुतेक वेळ लाइन रिकामी बसलेली.

म्हणजे किराणा आणायला जायचं, साखर घेऊन घरी यायचं, मग चहापत्तीसाठी परत जायचं. यादी खिशात असताना!

त्या दिवशी कोड सुधारायला वेळ नव्हता. मी दादाला एवढंच विचारलं, "आज नेमकं काय लागणार आहे?" तर ६० जीबीचा एकच फोल्डर. रिस्टोर थांबवलं, फक्त तो फोल्डर मागवला. साडेपाच तासांत आला. दोन वाजता दादाच्या हातात फोटो. वाचलो.

पुढच्या महिन्यात मी रिस्टोरचा भाग नव्याने लिहिला. चार गोष्टी बदलल्या.

एक, सर्व्हरवर तुकडे आधीपासूनच १६ एमबीच्या गठ्ठ्यांमध्ये होते. आता आधी यादी करतो, कुठल्या गठ्ठ्यात आपले कुठले तुकडे आहेत. मग प्रत्येक गठ्ठा एकदाच आणतो आणि त्यातले तुकडे ज्या त्या फाइलमध्ये, ज्या त्या जागी लिहितो. ४ लाख फेऱ्यांच्या झाल्या २५ हजार.

दोन, एका वेळी आठ गठ्ठे मागवतो. हावरटपणा करून ३२ करून बघितले, तर सर्व्हरनेच "जरा दमानं" असा निरोप पाठवला. आठ पुरेसे आहेत.

तीन, डिस्कवर आधीच आलेली फाइल चेकसम जुळवून सोडून देतो. मधेच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही.

चार, "आधी काय हवं?" हा प्रश्न आता प्रोग्रॅमच विचारतो.

यातलं काही मी शोधून काढलेलं नाही. रेस्टिक नावाचं ओपन सोर्स बॅकअप टूल आहे, गो भाषेत लिहिलेलं. त्यातही रिस्टोर नंतर असंच समांतर केलं गेलं. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, बघा.

त्याच लाइनवर पूर्ण ४०० जीबी आता साडेनऊ तासांत येतात. याहून वेग हवा असेल तर लाइनच मोठी घ्यावी लागेल, कारण आता ती रिकामी बसत नाही.

पण खरी चूक कोडची नव्हती. दोन वर्षांत मी बॅकअप सातशे वेळा घेतला आणि रिस्टोर एकदाही करून बघितलं नाही. बॅकअप रात्री होतो, आपण झोपलेलो असतो, त्याला कितीही वेळ लागू दे. रिस्टोर होतं तेव्हा समोर कुणीतरी घड्याळाकडे बघत बसलेलं असतं.

तर आजचा गृहपाठ. तुमच्या क्लाउडमधला एक फोल्डर आज रात्री परत डाउनलोड करा. १ जीबी चालेल. वेळ मोजा, आणि तुमच्या एकूण जीबीने गुणा. येणारा आकडा कमेंटमध्ये टाका. आकडा बघून घाम फुटला, तर आत्ता फुटलेला बरा.

भेटू पुढच्या भागात!