आर्द्रा किती तेजस्वी, किती दूर?

नांदेड-लातूरकडचा शेतकरी आर्द्रा ओळखतो ती जूनअखेरच्या पावसाचं नक्षत्र म्हणून. हाच तांबूस तारा जानेवारीत संध्याकाळी पूर्वेला दिसतो. तो म्हातारा, फुगलेला महातारा. त्याचं तेज कमी-जास्त होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ते निम्म्याहून खाली घसरलं होतं.

अंतर मोजणं मात्र अवघड.

पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो, त्यावरून अंतर काढतात. आर्द्रेची तबकडी या सरकण्याच्या कितीतरी पट मोठी, त्यात तिच्यावरचे उजळ भागही बदलतात. म्हणून अंदाज साधारण ५०० ते ७०० प्रकाशवर्षं असे वेगवेगळे येतात.

तेज नुसत्या डोळ्यांनी जोखता येतं. रोहिणी ताऱ्याची प्रत (तेजाचा आकडा; तो जितका लहान, तितका तारा तेजस्वी) ०.९, प्रश्वा ताऱ्याची ०.४. आर्द्रा दोघींच्या मधोमध वाटली, तर प्रत सुमारे ०.६५. तारखेसह वहीत नोंद करा.