पिकअप घेताना: जोर चारी चाकांना हवा का?

गेल्या खेपेला आपण आमसुलाच्या पॅकिंगवर बोललो होतो. आज विषय आहे गाडीचा. गाडी म्हटल्यावर ‘हा बाप्यांचा विषय’ म्हणून कुणी रेडिओ बारीक करत असेल तर जरा थांबा. हप्ता आपल्या गटांच्या पैशातून जाणार असेल, तर विषय आपलाच आहे.

आमचं गाव मालवण तालुक्यातलं, खाडीच्या काठाचं. एका अंगाला पुळण, दुसऱ्या अंगाला घाटी चढून गेलं की सडा. ग्रामसंघात ११ गट आहेत. सुकी मासळी, काजूबी, रातांबे, आमसूल, आगळ असा आमचा माल. तो मालवणच्या नि कुडाळच्या बाजारात जातो, कधी फोंडा घाटातून कोल्हापूरला. चार वर्षं भाड्याच्या गाडीवर भागवलं. भाडेवाला येतो म्हणायचा नि यायचा नाही, माल पडवीत पडून राहायचा. शेवटी ठरलं, आपली स्वतःची पिकअप घ्यायची. आणि पहिल्याच बैठकीत वाद लागला तो एका शब्दावरून: फोर बाय फोर.

हा शब्द कुठून आला ते सांगतो. त्याआधीच्या हिवाळ्यात रापणीला भरपूर मासळी लागली होती. भाड्याची पिकअप थेट पुळणीवर उतरली. पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरून नीट आली, पण माल भरून वर चढताना भुसभुशीत वाळूत थांबली. ड्रायव्हरनं पाय दाबला. चाकं गरगरा फिरली आणि गाडी होती तिथंच खाली बसली, अगदी मागच्या आसापर्यंत. वरून भरतीची वेळ. मग ज्या हातांनी रापण ओढली होती, त्याच हातांनी रापणीचा दोर लावून गाडी ओढली. मागं आम्ही बायका ढकलायला. पाणी मागच्या चाकांना लागलं तेव्हा ती हलली. त्या दिवसापासून गावात प्रत्येक जण सांगू लागला, गाडी घ्याल तर फोर बाय फोरच घ्या.

आता हे फोर बाय फोर म्हणजे काय? गाडीला चाकं चारच असतात, पण साध्या पिकअपमध्ये इंजिनचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. पुढची दोन नुसती वळायला. फोर बाय फोरमध्ये वेगळा एक गियरबॉक्स असतो, दांडी ओढली किंवा बटण दाबलं की जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. बहुतेकांमध्ये ‘लो’ म्हणून आणखी एक गियर असतो, त्यात गाडी गोगलगायीसारखी चालते पण ताकदीनं चढते. बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा या गाड्या दोन्ही प्रकारांत आल्या आहेत. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, जो २००५ साली आला नि गावागावांत पोचला, तो मात्र मागच्या चाकांवरच चालतो. आपल्या जिल्ह्यातल्या किती वाड्यांचा माल त्यानं वाहिला असेल, विचार करा.

आमच्या गॅरेजवाल्या दादानं एक गोष्ट समजावली, ती आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हती. चाक घसरतं कधी, तर त्याच्यावर वजन कमी असतं तेव्हा. पिकअपचं इंजिन पुढं, मागं रिकामा हौदा. म्हणजे रिकाम्या गाडीत जोर ज्या चाकांना जातो तीच हलकी! म्हणून पावसात रिकामी पिकअप चढणीला घसरते आणि तीच बेताचा माल भरला की निमूट चढते. दुसरी गोष्ट, एक चाक चिखलात फिरायला लागलं की साध्या गाडीत सगळा जोर त्याच फिरणाऱ्या चाकाकडे जातो, घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं बघत राहतं. फोर बाय फोरमध्येही पुढचं एक नि मागचं एक अशी दोन चाकं सुटली तर गाडी अडकतेच. आणि तिसरी गोष्ट आम्ही वहीत अधोरेखित केली आहे: फोर बाय फोर गाडी चढवते, थांबवत नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारी चाकांना असतात. घाट उतरताना दोन्ही गाड्या सारख्याच. उतारावर खालच्या गियरमध्ये राहणं आणि टायरची नक्षी शाबूत असणं, हेच उपयोगी पडतं. शेवाळ धरलेल्या जांभ्यावर तर कुठलीच गाडी शहाणपणा करू शकत नाही.

एवढं ऐकून आम्ही ठरवलं, मतं नकोत, आधी हिशेब. एक वर्ष भाड्याच्या गाडीच्या प्रत्येक फेरीची वही घातली. तारीख, माल, कुठून कुठं, आणि शेवटचा रकाना: रस्ता अडला का, कुठं अडला. वर्षाअखेर १४० फेऱ्या झाल्या. त्यातल्या अडचणीच्या निघाल्या ९. त्या ९ मधल्या ६ पुळणीवरच्या आणि ३ घाटीच्या. कोल्हापूरचा फोंडा घाट, कुडाळ, कणकवली इथं सगळा डांबरी रस्ता, तिथं चारी चाकांच्या जोराचं काहीच काम नाही. उलट अशा बऱ्याच गाड्या कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये टाकून चालवूच नयेत, वळणावर पुढची नि मागची चाकं सारखी फिरू शकत नाहीत, आतले भाग ताणले जातात.

वही चाळताना आणखी एक गंमत दिसली. आपला रस्ता वाईट होतो जूनपासून. पण आपला माल कधी असतो? काजू, आंबा, रातांबे मार्च ते मे. सुकी मासळी पावसाआधी. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंदच असते. म्हणजे रस्ता बुडतो तेव्हा हौदाही रिकामा. अपवाद दोन: मे महिन्याचा शेवटचा आठवडा, जेव्हा रातांबे पिकलेले असतात आणि वळवाचा पाऊस कोसळतो, नि दुसरा चतुर्थीचा बाजार.

मग पुळणीवरच्या ६ फेऱ्यांचं काय? आम्ही म्हटलं, गाडी पुळणीवर उतरवायचीच नाही. खाऱ्या पाण्यानं गाडीचा तळ गंजतो, आणि फोर बाय फोरला तर खाली गंजायला आणखी भाग असतात. शिवाय आपल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, वेंगुर्ल्याच्या वायंगणीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वाळूत पुरलेल्या अंड्यांवरून चाक न्यायला कुणाचं मन होईल? कधी नाइलाजानं उतरावंच लागलं तर टायरची हवा कमी करावी, म्हणजे टायर पसरतो नि वाळूवर तरतो. भुसभुशीत जागी थांबू नये. अडकलं तर पाय दाबू नये, चाकापुढची वाळू हातानं काढून खाली गोणपाट नाही तर माडाची चुडतं घालावी. वर रस्त्यावर आलं की हवा परत भरायची, कमी हवेवर माल घेऊन डांबरावर पळालं तर टायर तापून फुटतो.

हे सगळं ऐकून सगळ्या माना डोलावत होत्या. तेवढ्यात मासळी वाळवणाऱ्या गटातली एक जण म्हणाली, “गाडी वर थांबली तर हारे वर कोण आणणार? आमचीच डोकी ना?” बैठक गप्प झाली. खरंच होतं. गाडी वाचवायच्या नादात आम्ही साठ पावलांची ओझी पुन्हा बायकांच्या डोक्यावर टाकत होतो, नि ती ओझी हिशेबाच्या वहीत कुठंच नव्हती. मग ठरलं, पुळणीवरून रस्त्यापर्यंत हारे आणण्याची मजुरी फेरीच्या खर्चात धरायची, डिझेलसारखीच. जी आणेल तिला त्याच दिवशी पैसे. हारे जाऊन दोन कड्यांचे क्रेट आले, दोघींनी धरून उचलायचे.

राहिली घाटी. सड्यावरच्या वाडीत १४ घरं. रातांब्याची सगळ्यात चांगली झाडं तिथंच. खालच्या वाडीच्या आम्ही बायका बहुमतानं ‘साधी गाडी पुरे’ म्हणायच्या बेतात होतो, तेव्हा वरच्या वाडीतल्या काकी उठल्या. त्या बैठकीत फारशा बोलत नाहीत. म्हणाल्या, “चार काय नि दोन काय, माका काय तेचा? गाडी माझ्या दारात येतली काय नाय, ता सांगा.” १४० मधल्या ३ फेऱ्या आम्हाला थोड्या वाटल्या होत्या. त्या तिन्ही त्यांच्याच होत्या.

म्हणून आम्ही विक्रेत्याला सांगितलं, गाडी शो-रूममध्ये नको, घाटीवर दाखवा. आलेला मुलगा तासभर आमच्याबरोबरच्या एका भावोजींशीच बोलत होता. भावोजींना गाडी चालवता येत नाही, ते आमच्या आग्रहावरून नुसते आले होते. शेवटी त्यांनीच सांगितलं, “सही ह्या करणार, त्यांना सांगा.” असो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. साधी पिकअप रिकामी चढवली, मधल्या वळणावर मागची चाकं घसरली, गाडी मागं आली. मग हौद्यात मागच्या बाजूला जांभ्याचे चिरे भरले. त्याच गाडीनं, त्याच वळणावर, पहिल्या गियरमध्ये थोडी कुरकुर करत चढण काढली. फोर बाय फोर रिकामीही चढली, हे खोटं कशाला सांगा. पण सगळ्यांना दिसलं ते हे, की अख्खी घाटी वाईट नाहीच. वाईट आहे ते एक वळण, चाळीसेक फूट, जिथं वरचं पाणी रस्त्यावरून वाहतं नि माती धुऊन नेतं. तिथं पाण्याला चर काढला आणि चाकांपुरत्या सिमेंटच्या दोन पट्ट्या घातल्या, तर साधी गाडी मेअखेरीसही वर जाईल. आणि पट्ट्या नुसत्या आमच्या गाडीच्या नाहीत, गॅसवाल्याच्या, रिक्षाच्या, शाळेच्या पोरांच्याही.

दोन्ही गाड्यांची कोटेशनं लेखी घेतली नि फरकाचा हप्ता मांडला. फोर बाय फोरला डिझेल थोडं जास्त, तेल बदलायच्या जागा जास्त, चारी टायर सारखे झिजलेले लागतात, आणि ती दांडी महिनोन्‌महिने वापरली नाही तर ऐनवेळी अडते, म्हणून अधूनमधून मातीच्या रस्त्यावर वापरावी लागते. सगळा हिशेब करून आम्ही साधी पिकअप घेतली. पण ठरावात तीन ओळी जास्त लिहिल्या. घाटीच्या पट्ट्यांसाठी ग्रामसभेत ग्रामसंघाच्या नावानं मागणी करायची. पट्ट्या होईपर्यंत पावसाच्या दिवसांत वरच्या वाडीसाठी शेजारच्या गावातली फोर बाय फोर भाड्यानं आणायची. आणि ते जादा भाडं वरच्या वाडीनं नाही, सगळ्या ११ गटांनी मिळून भरायचं. शेवटच्या ओळीवर सगळ्यात जास्त वाद झाला, हे सांगायला हवं. दोन गट आजही नाराज आहेत.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. सह्याद्रीच्या पायथ्याला तुमची वाडी असेल, रोजचाच रस्ता मातीचा नि चढाचा असेल, पावसातही दूध न्यायचं असेल, तर फोर बाय फोरचे पैसे वसूल होतील. आमच्या वहीत ९ च्या जागी ५० फेऱ्या निघाल्या असत्या तर आम्हीही तीच घेतली असती. वही मात्र घाला, आणि वहीत अडलेली फेरी कुणाची होती तेही लिहा.

एक-दोन कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवू नका, आजारी माणूस असला तरी १०८ ला फोन करा. अपघात झाला तर हौद्यातल्या माणसांसाठी विम्याचे पैसे मिळत नाहीत. आणि पिकअप चालवायला वेगळा मोठा परवाना लागतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. साध्या हलक्या मोटारीच्या परवान्यावर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं नि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानंही तेच कायम केलं. आमच्यातल्या दोघी जणी ओरोसला जाऊन शिकाऊ परवाना काढून आल्या आहेत. सध्या सकाळी शाळेच्या मैदानात गाडी पुढं-मागं करतात. मैदानाच्या कुंपणाचा एक खांब वाकला आहे, त्याचा खर्च फेरीच्या हिशेबात धरलेला नाही.

घाटीच्या पट्ट्या अजून झालेल्या नाहीत. मागणी दिली आहे, येत्या ग्रामसभेत पुन्हा विचारणार आहोत. वरच्या वाडीतल्या काकींनी पुढच्या रांगेतली जागा आताच सांगून ठेवली आहे.