रीस्टार्ट कुणाच्या हाती?



पत्रिकेवर ‘संगणक आणि आपण’ असा विषय छापला आहे. तो तासाभरात मावणार नाही, म्हणून मी त्यातली एकच गोष्ट घेऊन आले आहे. अपडेटनंतर संगणक न विचारता बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो, ती. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अपडेट झालंच पाहिजे. रीस्टार्टही झालाच पाहिजे. पण तो केव्हा, हे त्या संगणकावर काम करणाऱ्या माणसाने ठरवायला हवं. आपण ते ठरवत नाही, म्हणून दुसरं कुणीतरी ठरवतं.

अपडेट म्हणजे काय, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. रीस्टार्ट कशासाठी लागतो, एवढं सांगते, कारण ती कंपनीची लहर आहे असं पुष्कळांना वाटतं. विंडोजमध्ये एखादी फाइल वापरात असली की सहसा तिच्या जागी नवी ठेवता येत नाही. माणूस झोपलेला असताना गादीची खोळ बदलता येत नाही, तसंच. मग विंडोज एक यादी करून ठेवतं, की या या फाइली पुढच्या वेळी सुरू होताना बदलायच्या. आणि सुरू होताना, बाकीचं काही चालू व्हायच्या आत, ती यादी उरकतं. म्हणून रीस्टार्ट.

हे टाळता येतं का? काही प्रमाणात येतं. लिनक्सच्या गाभ्यात चालू असतानाच दुरुस्ती करायची सोय २०१५ साली ४.० या आवृत्तीत आली. मायक्रोसॉफ्टने २०२५च्या एप्रिलपासून विंडोज ११च्या एंटरप्राइझ आवृत्तीला ‘हॉटपॅच’ दिलं. तिथे सुरक्षेच्या अपडेटसाठी वर्षातून बारा वेळा लागणारा रीस्टार्ट चारवर येतो. म्हणजे तंत्र आहे. ते आपल्या घरच्या आणि दुकानातल्या संगणकापर्यंत पोचलेलं नाही, एवढंच.

आता ही आपोआप रीस्टार्टची पद्धत आली कुठून, ते दोन मिनिटांत सांगते. (अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात, हशा.) दोनच मिनिटं, अध्यक्षमहाराज.

२००३चा ऑगस्ट. ज्यांनी त्या दिवसांत सायबर कॅफे चालवले, त्यांना आठवत असेल. पडद्यावर एक चौकट यायची, साठ सेकंद उलटे मोजले जायचे आणि संगणक बंद. पुन्हा सुरू करा, इंटरनेट जोडा, की पुन्हा साठ सेकंद! ती ब्लास्टर नावाची अळी होती, म्हणजे संगणकातून संगणकात आपोआप पसरणारा प्रोग्राम, ११ ऑगस्टला उघडकीला आलेला. गंमत अशी, की संगणक बंद पाडणं हा तिचा हेतूच नव्हता. तिला गुपचूप पसरायचं होतं. पण शिरताना ती विंडोजची आरपीसी नावाची एक सेवा कोसळवायची, आणि ही सेवा पडली तर यंत्र पुन्हा सुरू करायचं, असा विंडोज एक्सपीचा स्वतःचा नियम होता. त्या साठ सेकंदांत ‘रन’ची चौकट उघडून शटडाऊन, मग आडवी रेघ, मग ए, एवढं टंकलं की मोजणी थांबायची. हा मंत्र तेव्हा तोंडोतोंडी गावोगाव पोचला. दुरुस्ती उतरवून घ्यायला तेवढीच सवड मिळायची. पण अळीने तिथेही डाव टाकला होता. १६ ऑगस्टपासून सगळ्या बाधित यंत्रांनी विंडोज अपडेटच्या पत्त्यावरच हल्ला चढवायचा, असं तिच्यात लिहून ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्टला तो पत्ताच बंद करावा लागला. नेहमीचं काम दुसऱ्या पत्त्यावरून चालत होतं, म्हणून निभावलं.

आणि यातली खरी बोचणारी गोष्ट ऐका. विंडोजमधल्या ज्या भोकातून ती अळी शिरायची, त्याची दुरुस्ती १६ जुलैलाच जाहीर झाली होती, अळी येण्याच्या २६ दिवस आधी. असंख्य लोकांनी ती बसवलीच नव्हती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला, तेव्हा ‘अपडेट आपोआप होऊ द्या’ असा आग्रह थेट पहिल्याच पडद्यावर होता. वेळ ठरलेली, पहाटे तीनची. २०१५च्या जुलैत विंडोज १० आलं आणि होम आवृत्तीत नकार द्यायची सोयच काढून टाकली. लोकांवर सोडून चालत नाही, हा ब्लास्टरचा धडा कंपनीने असा गिरवला.

धडा चुकीचा नव्हता. पण पहाटे तीन? तिकडच्या ऑफिसात रात्री यंत्र चालू राहत असेल. आपल्याकडे रात्री काय असतं?

(श्रोत्यांतून : मेन स्विच बंद! हशा, टाळ्या.)

अगदी बरोबर! आणि माझा सगळा मुद्दा या मेन स्विचमध्ये आहे. हसून सोडून देऊ नका. अपडेट रात्री यंत्र चालू असेल असं धरून आखलंय आणि आपण संध्याकाळी कुलूप लावताना बटण बंद करून जातो. रात्री न झालेलं काम मग दिवसाच्या मानगुटीवर बसतं.

२०१६ साली विंडोज १०मध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ आले. म्हणजे या तासांत मला हात लावू नकोस, असं सांगायची सोय. जास्तीत जास्त बारा तास, २०१७पासून अठरा. मुळात त्यात भरून आलेले तास कोणते होते? सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. आता आपली बाजारपेठ डोळ्यासमोर आणा. पाचनंतर तर गिऱ्हाईक सुरू होतं! मेडिकलच्या दुकानात, झेरॉक्सवाल्याकडे, क्लासच्या कार्यालयात गर्दी सहा ते नऊ. ज्याने हे तास कधी उघडून पाहिले नाहीत, त्याचं यंत्र नेमकं गर्दीच्या वेळेला मोकळं आहे असं धरलं गेलं. विंडोज ११ आपला वापर बघून हे तास स्वतः ठरवू शकतं, पण अंदाज तो अंदाजच.

एका छोट्या मुद्रणालयाची गोष्ट सांगते. दसऱ्याचे दिवस, दिवाळी अंकाची घाई. ऑपरेटर मुलीने संध्याकाळी मोठमोठ्या स्कॅनची पीडीएफ तयार व्हायला लावली आणि पडद्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘काम चालू आहे, बंद करू नये.’ झाडणाऱ्या मावशींनी ती वाचून खोलीचा दिवासुद्धा मालवला नाही. सकाळी चिठ्ठी जागेवर होती, पडदा पासवर्ड मागत होता आणि फाइल अर्धवट. मला त्या मावशींचा आदर वाटतो. त्यांनी कामाची कदर केली. प्रोग्रामलाही अशी चिठ्ठी लावता येते बरं का. ‘आत्ता बंद करू नका, कारण अमुक’ असं विंडोजला कळवायची सोय विंडोज व्हिस्टापासून आहे. पण सक्तीने बंद करायचं ठरलं, की ती चिठ्ठी कुणी वाचत नाही. माझं भांडण या सक्तीशी आहे.

(एक तरुण श्रोता : मॅडम, लोकांच्या हातात दिलं तर कुणीच रीस्टार्ट करणार नाही.)

थांबा, मी अपडेटच्या विरुद्ध एक शब्दही बोललेली नाही. तुम्ही माझ्याहून तरुण आहात, म्हणून त्यामानाने अलीकडची, आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट सांगते. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा सायबर हल्ला. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंपनीला ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्या हल्ल्याने वापरलेल्या एका भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. इथवर तुमचं बरोबर. पण तो मुळात शिरला कसा? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! म्हणून मी म्हणते, अपडेट डोळे मिटून ढकलायची गोष्ट नाही आणि टाळायचीही नाही. ती जाणत्या माणसाने वेळ ठरवून करायची गोष्ट आहे. ‘लोक करत नाहीत’ याला उत्तर लोकांना शिकवणं हे आहे, त्यांच्या हातून काढून घेणं हे नाही. (टाळ्या.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. लिहून घ्या, भरभर सांगते.

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. ॲक्टिव्ह अवर्स हाताने भरा, पूर्ण अठरा तास. तिथेच ‘गेट मी अप टू डेट’ हे बटण बंद ठेवा. ते चालू असलं तर कामाच्या तासांतही, पंधरा मिनिटांची सूचना देऊन रीस्टार्ट होतो. रीस्टार्टची सूचना देणारं बटण मात्र चालू. परीक्षा, निवडणूक, मार्चअखेर असं काही असेल, तर ‘पॉज’ करा. पाच आठवड्यांपर्यंत मिळतं, पण ती उधारी आहे, फेडावीच लागते. ज्यांच्याकडे प्रो आहे, त्यांना ग्रुप पॉलिसीत ‘नो ऑटो-रीस्टार्ट विथ लॉग्ड ऑन युजर्स’ मिळेल. त्याच्याबरोबर ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’मध्ये ४ क्रमांकाचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर पहिली ओळ निरुपयोगी. होममध्ये ग्रुप पॉलिसी नाही. झोपवलेलं यंत्र रात्री जागं होत असेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर्स’ बंद करा.

आणि आता बुधवार. मायक्रोसॉफ्टचं महिन्याचं अपडेट २००३च्या ऑक्टोबरपासून दुसऱ्या मंगळवारी येतं. आपल्या घड्याळात ती वेळ मंगळवारी रात्री साडेदहा किंवा साडेअकराची. दुकानं, पतसंस्था, शाळा बुधवारी सकाळी उघडतात तेव्हा ते दारात उभं असतं. तेव्हा दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी, कुलूप लावायच्या अर्धा तास आधी, सगळं काम सेव्ह करून स्वतः ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दाबा. नुसतं ‘शट डाऊन’ नको. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आहे, त्यामुळे साध्या शट डाऊनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच पुन्हा उठतो. संस्थेत हे काम एका माणसाच्या नावावर लिहून द्या. ‘कुणीतरी करेल’ म्हटलं की होत नाही.

(पहिल्या रांगेतून एक आजोबा : होम की प्रो, ते कसं ओळखायचं?)

चांगलं विचारलंत, काका. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टंका, एंटर. समोर लिहून येतं. ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत, त्यांनी बाहेर पुस्तकांच्या टेबलापाशी या. ॲक्टिव्ह अवर्स भरूनच घरी जाऊ.